तक्रार करते, कारण वॉर्ड माझा आहे

सरकारी रुग्णालयांची गुणवत्ता तपासण्यासाठी केंद्राने जी राष्ट्रीय मानके ठरवली आहेत, त्यांत एक मानक समाधानाचं आहे. रुग्ण समाधानी आहेत का हे जसं विचारायचं, तसंच तिथे राबणारी माणसं समाधानी आहेत का, हेही ठरावीक काळाने विचारायचं आणि उत्तरं पाहून सुधारणा करायच्या. कल्पना चांगली आहे. ती वॉर्डापर्यंत पोचते तेव्हा काय होतं, ते मी पाहिलं आहे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात कार्यालयातून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा येतो. दुपारी ओव्हर द्यायच्या-घ्यायच्या गडबडीत एखादी नवी सिस्टर टेबलाशी उभी राहते आणि सगळ्यांच्या नावाने एकटीच खुणा करत जाते. कामाची जागा, चांगली. स्वच्छतागृह, चांगलं. वरिष्ठांचं सहकार्य, उत्तम. ‘कर गं लवकर, दोनची इंजेक्शनं राहिलीत,’ असं कुणीतरी म्हणतं आणि फॉर्म परत जातात. त्या फॉर्मवरून वर कुणी आमच्याशी बोलायला आल्याचं मला आठवत नाही.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे रोजच्या भाषेत इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात गेली. त्या वॉर्डावर माझा जीव होता आणि अजून आहे. म्हणूनच हे लिहिते आहे. कामाच्या जागेवर माया असणं आणि त्या जागेत समाधानी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीचा दाखला देऊन दुसरीची जबाबदारी झटकली जाते, आणि जी बाई तोंड उघडते तिलाच ‘हिला रुग्णांची कळकळ नाही’ म्हटलं जातं. हे चूक आहे. तक्रार करणाऱ्या माणसाला ती जागा आपली वाटत असते.

सरकारी वॉर्डावर कुणाचा जीव कसा जडेल, असं बाहेरून येणाऱ्याला वाटतं. फिनेलचा वास, पोपडे आलेल्या भिंती, दोन खाटांच्या मधे अंथरलेल्या गाद्या, दाराशी नातेवाइकांची गर्दी. पण जीव भिंतींवर जडत नसतो. आमच्या मावशी पहाटे चारला उठून म्हाताऱ्या रुग्णांसाठी पाणी तापवायच्या. हे त्यांच्या कामाच्या यादीत कुठेही नव्हतं. आमचे मामा ऑक्सिजनचा सिलिंडर तिरपा करून बुडावर फिरवत आणायचे आणि त्याच्या आवाजावरून तो भरलेला की रिकामा, ते मला टेबलाशी बसून कळायचं. शेतातलं फवारणीचं औषध प्यायलेली पोर रात्री आणली की कोण नळी घालायला डॉक्टरांच्या हाताशी राहणार, कोण ॲट्रोपिन भरणार, कोण आईला धरून बाहेर नेणार, यावर एक शब्द बोलावा लागत नसे. ॲट्रोपिनच्या बारक्या ॲम्प्यूल एकामागून एक फोडताना बोटं कापायची. रात्रभर डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, नाडी मोजायची, पुन्हा भरायचं. सकाळी पोरीने डोळे उघडून ‘माय कुठंय’ म्हटलं, की ज्या चौघांनी ती रात्र काढली त्यांची गाठ कायमची बसते. मग त्या चौघांत एक डॉक्टर असो, एक मामा असो. हे नातं ऑर्डरवर लिहिलेलं नसतं आणि पगाराच्या चिठ्ठीतही दिसत नाही.

या मायेत पुष्कळ ज्ञानही असतं. आमच्या खिडकीखालची खाट पावसाळ्यात आत ओढावी लागते, कोपऱ्यातला प्लग सैल आहे, तिथे सक्शन मशीन लावायचं नाही, थंडी पडली की दम्याच्या कोणत्या जुन्या बायका येणार आणि त्यांतली कोण पंप न आणता येणार, हे सगळं आम्हाला पाठ होतं. नवजात बाळांच्या कक्षात वर्षानुवर्षं काढलेल्या सिस्टरला बाळाच्या रंगावरून जे कळतं ते मॉनिटरच्या आधी कळतं. अशा बाईला कुणाच्या तरी सोयीसाठी एका सकाळी ओपीडीत नेऊन बसवतात, तेव्हा तिचं मन दुखावतं हा भाग झालाच. रुग्णालयाचं काय गेलं, हे मात्र कुणी मोजत नाही.

आमच्या वॉर्डात भिंतीवर घड्याळ होतं. सेकंदकाट्याचं, मोठ्या आकड्यांचं, कारण नाडी आणि श्वास मोजायला तसंच लागतं. ते आम्ही वर्गणी काढून आणलं होतं. पडदे वर्गणीतून. रात्री चहासाठी किटली एकीने घरून आणलेली. रक्तदाब मोजायचं एक मशीन तर वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने निवृत्त होताना दिलेलं. सरकारी रुग्णालयांत काम केलेल्या कुणालाही विचारा, अशी यादी प्रत्येक वॉर्डाची निघेल. लोक जागा आपली मानतात याचा यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा?

आता त्याच वॉर्डात काय नव्हतं ते सांगते. कपडे बदलायला खोली नव्हती. घरून यायचं, गणवेश चढवायचा, रक्त-उलट्यांनी भरलेला गणवेश उतरवून घरी जायचं, हे सगळं लिननच्या कपाटामागे चादर बांधून केलेल्या आडोशाला चालायचं. एक सिस्टर आत, दुसरी चादर धरून बाहेर. पर्स आणि डबा त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात. कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, पुरुष-बायका सगळ्यांना मिळून एक, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे ते शोधण्यात वेळ जायचा. वॉर्ड सोडून तिकडे जाणं म्हणजे रुग्णांना वाऱ्यावर सोडणं. म्हणून ड्यूटीवर पाणी कमी प्यायचं, ही सवय आम्ही सगळ्यांनी लावून घेतली होती. लघवीची जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग हे आमच्यातलं रोजचं बोलणं होतं. इतरांना भरपूर पाणी प्या म्हणून सांगणाऱ्या बायका स्वतः घसा ओला करण्यापुरतं पीत होत्या. पाळीच्या दिवसांत बारा तासांची रात्रपाळी कशी जात असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. मी वर्णन करत नाही.

एकदा स्वच्छतेच्या तपासणीसाठी बाहेरून पथक येणार होतं. आम्ही ड्यूटी संपल्यावर थांबून कुंड्या रंगवल्या, फलक लिहिले, लोखंडी खाटांचा गंज घासून काढला. त्या दोन-चार संध्याकाळी आनंदात गेल्या, हेही सांगायला हवं. वॉर्ड चकचकीत झाला याचा अभिमान आम्हाला मनापासून वाटत होता. पथक यायच्या आदल्या दिवशी मात्र वरून निरोप आला, कपाटामागची चादर काढा, अडगळ दिसते. आम्ही काढली. वॉर्डाला चांगले गुण मिळाले. आडोशाची जागा नंतर फायलींच्या रॅकने घेतली आणि आम्ही काही महिने रुग्णांच्या न्हाणीघरात कपडे बदलले. मी लेखी अर्ज दिला. तो घेताना मला सांगितलं गेलं, ‘सिस्टर, तुम्ही इतक्या जुन्या, तुम्हीच असं केलंत तर?’ त्यांना जे म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट मला वाटत होतं. इतकी जुनी आहे, म्हणून तर अर्ज देते आहे.

कपडे बदलायची खोली ही क्षुल्लक मागणी आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण करून द्यावी लागेल. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयाच्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. ड्यूटी संपवून त्या कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या केईएममध्येच, चार नंबरच्या वॉर्डालगतच्या खोलीत होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाताईंना हिंडता-फिरताना कधी पाहिलंही नव्हतं, त्या मुलींनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. इतक्या वर्षांत त्यांना अंथरुणाची जखम झाली नाही. ही गोष्ट किती अवघड आहे, हे कोणतीही परिचारिका सांगेल. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचं ठरवलं तेव्हा केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडावा लागला. २०११मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या याच माणसांचा मानला.

आमच्या नर्सिंगच्या वर्गात ही हकीकत सांगितली जायची. ऐकताना सगळ्या मुली रडायच्या. भाषणांतही ती येते, त्याग आणि सेवा या शब्दांसोबत. पण तिचा एक भाग सहसा गाळला जातो. १९७३च्या त्या घटनेनंतर परिचारिका संपावर गेल्या होत्या. अरुणाताईंसाठी चांगली व्यवस्था आणि आपल्यासाठी कामाच्या सुरक्षित परिस्थितीची मागणी त्यांनी केली होती. म्हणजे ज्या बायकांनी पुढे चार दशकं आपल्या सोबतिणीला सांभाळलं, त्याच बायकांच्या परंपरेत काम थांबवून मागणी करणंही बसतं. एकीकडे प्रेमळ परिचारिका आणि दुसरीकडे संप करणाऱ्या परिचारिका, अशा दोन जाती नाहीत.

९ ऑगस्ट २०२४ला कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लांबलचक ड्यूटीनंतर ती तरुण डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विसावा घ्यायला गेली होती. हॉलमध्ये, कारण विसाव्याची नीट खोली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २० ऑगस्टला राष्ट्रीय कृती दल नेमलं. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी विश्रांतीच्या खोल्या, स्वच्छतागृहं, रात्रीची सुरक्षितता या गोष्टी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बोलाव्या लागल्या. १९७३मधलं तळघर आणि २०२४मधला सेमिनार हॉल यांच्यामध्ये पन्नास वर्षं गेली आहेत. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८च्या कायद्यानेच सांगून ठेवलं होतं, की दीडशेहून अधिक माणसं कामाला असतील तर विश्रांतीची आणि जेवणाची खोली हवी, आणि उभ्याने काम करणाऱ्याला मिळेल त्या वेळात बसायला आसन हवं. केरळने २०१८मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क दिला, तामिळनाडूने २०२१मध्ये. केरळमधल्या विक्रेत्या बायकांनी तो आंदोलन करून मिळवला. आमच्या वॉर्डात टेबलाशी एक खुर्ची होती आणि ती राउंडला आलेल्या डॉक्टरांसाठी मोकळी ठेवायचा रिवाज होता.

दर वर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, आमचा सत्कार होतो. मेणबत्त्या लागतात, शपथ होते, गुलाबाचं फूल मिळतं. मला त्या कार्यक्रमाबद्दल आदर आहे. नाइटिंगेलबाईंबद्दल तर आहेच. त्यांचं जे एकच चित्र आपण लावतो, हातात दिवा घेऊन फिरणारी बाई, ते अपुरं आहे. त्यांनी क्रिमियन युद्धातून परतल्यावर उरलेलं आयुष्य आकडेवारी, अहवाल आणि पत्रं लिहिण्यात घालवलं. हवा, पाणी, सांडपाणी, खाटांमधलं अंतर यांवर सरकारच्या मागे लागण्यात घालवलं. आजच्या भाषेत त्या तक्रारखोर होत्या. त्या तशा होत्या म्हणून सैनिक जगले.

माणसांच्या संख्येबद्दल बोलल्याशिवाय कामाच्या वातावरणाबद्दल बोलणं पुरं होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा. मी केलेल्या रात्रपाळ्यांत पन्नास-साठ रुग्णांमागे आम्ही दोघी असायचो, कधी एकटी. अशा रात्री औषधं होतात, इंजेक्शनं होतात, सलाईन बदलल्या जातात. केस पेपरवर लिहायच्या गोष्टी होतात. राहतात त्या लिहायच्या नसलेल्या. म्हातारीची कूस बदलणं राहतं. ऑपरेशनला घाबरलेल्या बाईजवळ दोन मिनिटं बसणं राहतं. कोरड्या पडलेल्या ओठांना पाणी लावणं राहतं. अरुणाताईंच्या अंगाला जखम झाली नाही, ती नुसत्या मायेने नव्हे. तिथे वेळेवर कूस बदलणारे हात होते. माया मनात आहे आणि हात पुरत नाहीत, ही स्थिती वर्षानुवर्षं काढली की चांगल्या परिचारिकेचं काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. ती आधी चिडते, मग गप्प होते. गप्प झाली की वरिष्ठ तिच्यावर खूश होतात. मला त्या गप्प होण्याची फार भीती वाटायची, कारण त्यानंतर तिचं रुग्णांकडे बघणं बदलायचं. नातेवाइकांनी ‘शिस्टर, जरा बघा की हो’ म्हटलं तरी ती मान वर करायची नाही. लोक मग म्हणतात, सरकारी नर्सेस उद्धट असतात. उद्धट असतात काही, मी नाकारत नाही. पण बहुतेक जणी तशा आलेल्या नसतात.

जबाबदारी आणि अधिकार यांचं गणित तर पूर्ण उलटं आहे. इन्चार्ज सिस्टरच्या नावावर वॉर्डाचं डेड स्टॉक रजिस्टर असतं. खाटा, स्टँड, कात्र्या, ट्रे, चादरी, सगळं. चार्ज देताना एखादी वस्तू कमी भरली तर खुलासा तिने द्यायचा, वेळ आली तर पैसे तिने भरायचे. पण तुटका स्टँड बदलून मिळावा, सैल प्लग दुरुस्त व्हावा, यासाठी तिने दिलेल्या पत्राला उत्तर येईलच असं नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. त्या खटल्याच्या खोलात मी जात नाही, ते न्यायालयाचं काम. पण ती बातमी वाचली त्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक वॉर्डात आम्ही आपापल्या भिंतींवरच्या वायरी बघितल्या असतील. वायरिंग आमच्या हातात नसतं. जिथे आपलं ऐकलं जात नाही आणि दोष मात्र आपल्या नावावर येतो, तिथे समाधान कसं असेल?

आणि ज्यांना वॉर्ड आपला म्हणायचीच परवानगी नाही, त्यांचं काय? माझ्याबरोबर शेवटची काही वर्षं राष्ट्रीय आरोग्य अभियानातली एक कंत्राटी सिस्टर होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग नवी ऑर्डर. काम तेच, रुग्ण तेच, रात्रपाळ्या आमच्याहून थोड्या जास्तच, पगार कितीतरी कमी. कोविडच्या काळात ती आणि मी एकाच पीपीई किटच्या घामात उभ्या राहिलो. ती मला ताई म्हणायची. मी तिला एकदा म्हटलं, ‘अगं, ते इंडेंटचं रजिस्टर तू नीट लावून ठेव, पुढे तुलाच बघायचं आहे.’ ती म्हणाली, ‘ताई, मार्चनंतर मी इथे आहे का, ते तरी मला कळू दे.’ मला काही बोलता आलं नाही. २०२२च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका बाह्य स्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा मला विचारणाऱ्यांना मी तिचंच उदाहरण दिलं. कायम नोकरीतल्या परिचारिका कंत्राटाविरुद्ध का भांडतात, त्यांना काय कमी आहे, असं लोक विचारत होते. रात्री दोन वाजता आपल्या शेजारी उभी असलेली बाई उद्या इथे असेल की नाही, याचा आमच्या कामाशी संबंध असतो. रुग्णाच्या जिवाशी तर असतोच.

आमच्याच एका तरुण सिस्टरने सरकारी नोकरी सोडली आणि ती जर्मन शिकून जर्मनीला गेली. अशा पुष्कळ जणी आता जातील. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्या मुलींना नावं ठेवायचं कारण नाही. ती फोनवर सांगत होती. मला वाटलं आधी पगाराचं सांगेल. तिने सांगितलं ते असं: कपडे बदलायला खोली आहे, तिला लॉकर आहे, लॉकरची किल्ली तिच्याकडे आहे, आणि पुढच्या महिन्याची ड्यूटी आधीच कळते. भाषेचा त्रास आहे, थंडी आहे, एकटेपणा तर फार आहे. ‘तिथे वॉर्डात जसं हसायचो तसं इथे कुणी हसत नाही ताई,’ असंही म्हणाली. म्हणजे माया इथेच राहिली, मुलगी गेली.

नर्सिंग का सोडतात, हा प्रश्न जगभर विचारून झाला आहे. १९८३मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग अकादमीने तो उलटा विचारला. तुटवड्याच्या काळातही काही रुग्णालयांत परिचारिका टिकून राहतात, त्या का? १६३ रुग्णालयं बघितली, ४१ रुग्णालयांना लोहचुंबक म्हणून निवडलं. तिथे जे सापडलं ते आम्हाला कुणी न सांगताही माहीत आहे. पुरेशी माणसं. परिचारिकेच्या बाजूने बोलणारी आणि जिचं वर ऐकलं जातं अशी मेट्रन. आपल्या रुग्णाबद्दल आणि आपल्या ड्यूटीबद्दल बोलण्याचा अधिकार. डॉक्टरांशी आदराचं नातं. सत्काराचं नाव त्या यादीत नाही.

हे आपल्याकडे होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. माझ्याच नोकरीत एक सिव्हिल सर्जन असे आले, की ज्यांनी पहिल्या महिन्यात प्रत्येक वॉर्डाच्या इन्चार्जला बोलावून विचारलं, तुम्हाला रोज अडवणाऱ्या तीन गोष्टी सांगा. ‘सर, निधी लागेल,’ असं मी आधीच म्हणून टाकलं. ते म्हणाले, ‘सिस्टर, आधी गोष्टी सांगा.’ मी सांगितल्या. त्यांनी वॉर्डालगतची तुटक्या खाटांनी भरलेली खोली रिकामी करून दिली. आतून कडी, एक नळ, भिंतीला खुंट्या आणि एक बाक. ड्यूटीचा तक्ता महिना सुरू व्हायच्या आधी लागू लागला, आणि तो लावताना अधिसेविका, म्हणजे मेट्रन, आम्हाला विचारू लागल्या. रात्री एका मजल्यावर एक सुरक्षारक्षक फिरू लागला. माणसं वाढली नाहीत, ते त्यांच्या हातात नव्हतं आणि तसं त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. तरीही वॉर्डातला सूर बदलला. आजारपणाच्या रजा कमी झाल्या. मुली पाणी पिऊ लागल्या. बंद पडलेलं सक्शन मशीन एका पुरुष परिचारकाने, आमच्या ब्रदरने, सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः खोललं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकलं जातं हे कळलं की माणूस स्वतःहून पुढे येतो, याचा मला त्या दोन वर्षांत अनुभव आला. सरांची बदली झाली तेव्हा मामा-मावशींसह सगळा वॉर्ड फाटकापर्यंत गेला होता.

म्हणून आरोग्य खात्याला आणि प्रत्येक जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनना माझी विनंती आहे. कर्मचारी समाधानाचे फॉर्म नाव न लिहिता भरू द्या, एकीने सगळ्यांचे भरायची पद्धत बंद करा, आणि जी उत्तरं येतील ती वॉर्डात येऊन वाचून दाखवा. रिक्त जागा भरा, कायमस्वरूपी भरा. ते व्हायला वेळ लागतो हे मला कळतं. खोलीला आतून कडी बसवायला वेळ लागत नाही. तक्रारअर्ज आणणाऱ्या सिस्टरला बसायला सांगा आणि तिचं पूर्ण ऐका, कारण ज्या वॉर्डाबद्दल ती भांडते आहे तो तिने तुमच्याआधी सांभाळला आहे आणि तुमची बदली झाल्यावरही तीच सांभाळणार आहे.

वाचकांनाही एक सांगायचं आहे. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडाफार निधी असतो, आणि तिच्यात तुमचे लोकप्रतिनिधी व जिल्ह्यातले अधिकारी असतात. ते भेटले की खाटा किती वाढल्या हे जरूर विचारा. त्यासोबत हेही विचारा, की रात्रपाळीच्या सिस्टरसाठी आतून बंद होणारी खोली आणि वेगळं स्वच्छतागृह आपल्या रुग्णालयात आहे का, आणि नसेल तर ते कोणत्या महिन्यात होणार.